टेलरमास्तरांचा रेअर

पडद्याचं कापड घेऊन मी टेलरमास्तरांच्या दुकानात पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी ते चिमटीत धरलं, उजेडाकडे नेलं आणि म्हणाले, “रेअर आहे.” तसलं कापड बाजारात ढिगाने मिळत होतं. मी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, गप्प राहवेना.

“मास्तर, रेअर म्हणजे क्वचित आढळणारं. ते चांगलं असेलच असं नाही.”

“शाळेत तसं असेल, बाई. आमच्या धंद्यात चांगलं तेच क्वचित येतं.”

मागे काजं करत बसलेल्या त्यांच्या पत्नीने दोरा दातांनी तोडला. “डॉक्टरांनी यांचं रक्त रेअर आहे म्हणून सांगितलं, तेव्हापासून पाय जमिनीला लागत नाहीत. घरात स्वतःचं ताट उचलणं, ते खरं रेअर.”

रक्ताचं खोटं नव्हतं. तो गट फार थोड्यांचा असतो. रुग्णालयातून फोन आला की मास्तर अर्ध्या कापलेल्या कापडात कात्री ठेवून रक्त द्यायला निघत. एरवी गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड परत करताना त्यांचा जीव वरखाली होई. रक्ताच्या बाबतीत मात्र हात सैल.

गेल्या वर्षी त्यांच्याच पोटाची शस्त्रक्रिया ठरली. रक्त हाताशी असल्याशिवाय सर्जन सुरुवात करेनात, आणि रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. “रक्ताच्या नात्यात कुणी आहे का बघा,” डॉक्टर म्हणाले. नात्यात एकच, थोरला भाऊ. तोही टेलर, पलीकडच्या गल्लीत. वडिलांचं कापड बेतायचं टेबल कुणाचं, यावरून दोघांत अबोला होता.

मी रुग्णालयात डबा घेऊन गेले होते, तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. “त्याच्या दारात कुणी जायचं नाही.”

“ताठपणा कॉलरला शोभतो,” त्यांची पत्नी चपला घालत म्हणाली. “मला नवरा हवाय.”

तासाभरात ती दिराला घेऊन आली. दिरांच्या गळ्यात मापाची टेप तशीच. सुईच्या धास्तीने त्यांनी आजवर रक्त तपासूनच घेतलं नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला होता. तपासणी झाली. गट तोच निघाला, आणि रक्त जुळलंही.

“संपली तुझी फुशारकी,” थोरले खाटेशी उभे राहून म्हणाले.

मास्तरांनी मान वळवली. “बाई, एकाच घरात दोघांचं निघालं. आता याला रेअर म्हणायचं का?”

“म्हणायचं. गावात दुसरं कुठे मिळालं?”

मास्तर भावाकडे वळले. म्हणाले, “बस. उभ्याने चक्कर येईल तुला.”

शस्त्रक्रिया नीट पार पडली. मास्तर सध्या सकाळचंच काम घेतात. वजन उचलायला मनाई आहे, त्यामुळे दुकानाचं शटर रोज थोरले येऊन वर करतात आणि मग आपल्या दुकानाकडे जातात.