चुलीपाशी बसलेली बाई
वेलदोड्याच्या अरबी कॉफीचा वास आला की मला शारजातलं ते जुनं, डागडुजी करून म्युझियम केलेलं घर आठवतं. प्रवाळाच्या दगडाच्या गार भिंती, वर खजुराच्या झावळ्या आणि स्वयंपाकघरात चुलीपाशी बसवलेला बाईचा पुतळा. मुंबईहून आलेल्या सासूबाई दारात मिळालेली कॉफी पीत घरभर हिंडल्या आणि निघताना त्या पुतळ्याला म्हणाल्या, "येते हं." माझा मुलगा हसला, "आजी, शी इज नॉट रिअल!" "नसू दे. घरच्या बाईला न सांगता निघायचं का?" तेव्हा मीही हसले होते. परवा आम्ही दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधला आमचा फ्लॅट कायमचा सोडला. किल्ल्या घ्यायला आलेल्या वॉचमनने विचारलं, "खलास, मॅडम?" त्या घरातली बाई मीच होते, तरी रिकाम्या ओट्याकडे वळून तोंडातून निघालंच, "येते हं."