मधेच म्हटलेलं आमेन

पप्पांनी गाणं सोडलं, त्या वर्षी माझीही प्रार्थना हळूहळू आटत गेली. लातूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत पप्पांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं की पेटीचा सूर लागायच्या आधीच पप्पा पहिली ओळ उचलायचे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ते पाय ओढत का होईना चालू लागले, बोलणंही परत आलं, पण सूर लावला की आवाज फाटायचा. "त्यानंच दिला होता, त्यानंच नेला," असं ते एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाले आणि रविवारी घरीच बसू लागले. ऐकायला ते शब्द श्रद्धेचे होते, पण त्यामागे लहान मुलासारखा रुसवा होता.

मला चारचौघांत बोलणं कधी जमलंच नाही. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळे आळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करतात. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, त्यामुळे माझी पाळी आली की मराठी शब्द घशातच अडकायचे आणि मी नुसतं "आमेन" म्हणून मोकळी व्हायचे. पप्पा गप्प झाल्यापासून तर मी प्रार्थनेत डोळे मिटणंही सोडलं होतं. सगळ्यांच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत बसायचे. ही माणसं कुणाशी बोलतात, तो मला का दिसत नाही, असं वाटायचं.

हवापालट म्हणून मम्मीनं कोकणात समुद्रावर जायचं ठरवलं. भोकरची मावशीही आली. तिच्या पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खंजिरी होती. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "ओ माय! एवढं पाणी, अन् आपण तिकडं टँकरची वाट बघून राहिलो!" पप्पा कितीतरी दिवसांनी हसले. पण त्या संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो, तेव्हा ते उठून बाहेरच्या ओट्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उपासना चुकवायची नाही, हा मावशीचा नियम. जवळपास आपली मंडळी नाही म्हटल्यावर तिनं वाळूवरच सतरंजी अंथरायचं ठरवलं. "तुम्ही नुसतं बसा भाऊजी. गाऊ नका, काही नका. समुद्र बघा," असं म्हणून तिनं पप्पांना सोबत घेतलं.

सकाळी पाणी खूप आत गेलं होतं. ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं, इतकं की चालताना आपण ढगांवर पाय ठेवतोय असं वाटत होतं. पुढे वाळूचा एक उंचवटा होता. त्याच्या अलीकडे जेमतेम घोट्याइतक्या पाण्याची पट्टी होती. ती ओलांडून आम्ही पलीकडे बसलो. आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे नदीचं पाणी एकदा गेलं की ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत गेलेलंच असतं. गेलेलं पाणी त्याच दिवशी परत येतं, हे मी शाळेत शिकले होते. पण ते माझ्या पायांना ठाऊक नव्हतं.

मम्मीनं बायबलमधलं वचन वाचलं, मावशीनं खंजिरीवर एक गीत म्हटलं आणि मग तिची प्रार्थना सुरू झाली. मावशीची प्रार्थना सगळ्या नातलगांच्या दारावरून, आजारी माणसांच्या खाटांवरून, भोकरच्या शेतांवरून फिरत फिरत जाते. सगळ्यांचे डोळे मिटलेले. पप्पांचेही, सवयीनं. मी मात्र समुद्र बघत होते. प्रकाश असा पसरला होता की लाटांचा आवाज दूर कुठेतरी, झोपेतून ऐकल्यासारखा येत होता. सहज मागे वळून पाहिलं, तर ती पट्टी रुंद झाली होती. पाणी गाजावाजा न करता, पाहुण्यासारखं, मागच्या दारानं आलं होतं.

कुणाची प्रार्थना चालू असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही. तसं लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी मम्मीचा पदर ओढला, तिनं डोळे न उघडताच माझा हात थोपटला. पाणी सतरंजीच्या कडेला टेकलं. आणि मग मला येत असलेला एकच शब्द, एवढ्या मोठ्यानं की मीच दचकले, माझ्या तोंडून निघाला: "आमेन!"

मावशीनं डोळे वटारले. "काय करून राहिली गं तू? अजून भाऊजींचं नाव यायचं हाय!"

"मावशी, पाणी!"

पट्टीत आता कमरेइतकं पाणी होतं आणि ते एका बाजूला ओढत होतं. पप्पांनी काठी टेकली, एक पाऊल टाकलं आणि थांबले. "तुम्ही जा," ते म्हणाले. "मला न्हाई जमायचं." ते भिंतीकडे वळले होते त्या दिवशीसारखाच त्यांचा चेहरा झाला होता. मला तेव्हा पाण्याहून त्या चेहऱ्याची भीती वाटली. मी मनातल्या मनात हाक मारली. शब्द नव्हते, कुठली भाषाही नव्हती. नुसती हाक.

किनाऱ्यावरून कुणीतरी हात हलवत होतं. ठेवणीतली साडी नेसलेली, हातात चपला घेतलेली एक वयस्क बाई. "थंय नको! हयसून येवा!" असं ओरडत तिनं बाजूच्या खडकांकडे बोट दाखवलं. मग चपला वाळूत टाकून, साडीची पर्वा न करता, ती स्वतःच त्या खडकांवरून आमच्याकडे आली. तिथे पाणी गुडघ्याएवढंच होतं. तिनं पप्पांचा हात धरला. तिच्या गळ्यात जपमाळेचा क्रूस होता. "खाली बघू नको रे," ती म्हणाली. "मघाशी कोण गायत होतां? गावा की!"

मावशीनं भिजलेली खंजिरी वाजवायला घेतली. तिच्यातून पार बसका आवाज निघाला. मावशीनं पप्पांचं नेहमीचंच गीत उचललं, पण मुद्दाम की घाबरून कोण जाणे, दुसऱ्याच ओळीला चुकली. आणि पप्पांनी ती ओळ सुधारली. फाटक्या, चिरक्या आवाजात, तालावर पाय टाकत. एक ओळ, एक खडक. मी मागून त्यांची पाठ धरून चालत होते आणि तो आवाज माझ्या तळहातांना कळत होता.

कोरड्या वाळूवर आल्यावर त्या बाई म्हणाल्या की त्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला निघाल्या होत्या. रोज रस्त्यानं जातात; आज वाऱ्यावरून खंजिरी ऐकू आली, म्हणून किनाऱ्याकडे वळल्या. त्याबद्दल मला काही सिद्ध करायचं नाही. त्या वळल्या, एवढंच मला माहीत आहे.

मावशीनं त्यांच्या हातावर भाकरी-चटणी ठेवली. "तुमचा मिस्सा चुकला की ओ आमच्यापायी."

"हो मिस्सा काय वेगळो आसा?" त्या भाकरी मोडत म्हणाल्या.

"आमची प्रार्थना बी अर्धीच राहिली. हिनं मधेच आमेन ठोकलं!" मावशीनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली. "प्रार्थनेत डोळे उघडे ठेवती ही, मला काय ठाऊक न्हाई? पण देवानंच ठेवले असतील आज."

माझ्या मनात आजवर जी माझी उणीव होती, ती तिनं भाकरीसारखी सहज उचलून देवाच्या हातावर ठेवली.

मग पप्पा म्हणाले, "राहिलेली मी करतो." त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. त्या बाईही बरोबर म्हणू लागल्या; त्यांचे शब्द थोडे वेगळे होते, आमचे वेगळे. दोन्ही मधेच अडखळायचे आणि पुन्हा एकत्र यायचे. पप्पांचा आवाज आजही पूर्वीसारखा नाही. पण रविवारी पहिली ओळ पुन्हा तेच उचलतात, आणि ती जिथे फाटते तिथून सगळी मंडळी तिला धरते. त्याबद्दल मी रोज आभार मानते, मला येतील त्या शब्दांत.

पप्पांच्या त्या प्रार्थनेत मात्र मी काहीच बोलले नाही. भरतीचं पाणी वाळूवर चढत होतं, त्याचा आवाज जवळ जवळ येत होता. मी डोळे मिटले, आणि आमेनपर्यंत उघडले नाहीत.