आनंदाचा तिसरा डाव

माझा भाऊ दामू बोटीवर होता, म्हणजे मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या खोलीत. आमच्या मारुंजी गावातला माणूस बोटीवर कसा गेला ते विचारू नका. मॅट्रिकला नापास झाला, रुसून मुंबईला पळाला आणि तिथून थेट समुद्रात. मी चांगुणा, त्याची धाकटी बहीण. नवऱ्याचं घर मी माझ्या पायांनी सोडलं आणि गावात बालवाडीवर बाई झाले. पोरांपुढं शुद्ध बोलायची सवय लागली. चिडले की ते शुद्ध टिकत नाही, आणि मी पुष्कळ चिडते.

एकोणऐंशी साली दादा बोट सोडून कायमचा घरी आला आणि पिंपरीच्या एका कारखान्यात लागला. लोक परदेशातून रेडिओ आणतात, साड्या आणतात. ह्यानं आणला एक काळा खोका. आत तीन पातळ इंग्रजी पुस्तकं आणि दोन फासे. अनुसयावहिनीनं खोका उलटा करून झटकला, आणखी काही पडतंय का म्हणून.

"येवढंच?"

"अगं, सगळं आभाळ हाय त्यात," दादा म्हणाला.

"बरं. आभाळ फळीवर ठेवा आन गिरणीतनं दळण घेऊन या."

त्यात होता एक खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. पुढच्या कुठल्या तरी काळातली, ताऱ्याताऱ्यांमधून जहाजं हाकणारी माणसं. काही अवघड करायचं आलं की फासे टाकायचे. बोटीवरच्या एका गोवेकर साहेबानं दादाला हे वेड लावलं होतं. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असायची, तेव्हा दुपारी आमच्या ओट्यावर डाव बसायचा. दादा सांगणार. मी, दादाबरोबर कामाला जाणारा कुशाबा आणि दादाचा एकुलता एक आनंदा, असे आम्ही खेळणार. येणारेजाणारे बघायचे, हसायचे. हसू देत. पत्ते कुटण्यापेक्षा बरं.

पण खेळायच्या आधी आपला माणूस बनवावा लागे. अठराव्या वर्षी त्याला फौजेत घालायचं, नाहीतर व्यापारी जहाजावर. दर चार वर्षांची नोकरी म्हणजे एक डाव, आणि प्रत्येक डावाला एकदा फासे टाकायचे. नोकरी लांबेल तसा माणूस तरबेज होत जायचा. फासे कमी पडले तर मात्र तो मेला. खेळ सुरू व्हायच्या आधीच मेला, आता दुसरा बनवा. कुशाबाची पहिली दोन माणसं अशीच गेली.

"बारशाआधीच तेरावं की हे," तो म्हणाला.

"ह्योच खरा नियम हाय," दादा म्हणायचा. "बोटीवर एक पोरगा माझ्या डोळ्यांदेखत खाली गोदीत पडला. त्याचं काय सुरू झालं हुतं तवा?"

ज्यानं हा खेळ लिहिला, त्याच्या देशात लोक खेळातल्या माणसांना मनची नावं देत असतील. आम्हाला ते जमेना. ना नात्याचा ना गोत्याचा, अशा माणसाला कोण जपणार? आम्ही सरळ घरचीच नावं दिली. मी चांगुणा डॉक्टरीण, कुशाबा म्हणजे कुशाबाच, फक्त जहाज चालवणारा. आमची चूक कुठली म्हणाल तर ही. पुस्तकात त्यावर एक ओळसुद्धा नव्हती.

त्र्याऐंशी साली आनंदा फौजेत भरती झाला. जायच्या आधीच्या गुरुवारी म्हणाला, "बाबा, आता माझा फौजी बनवू." नाव आनंदा, नोकरी फौजेची. पहिला डाव सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्याला फासे पडले एक आणि दोन. पाच तरी लागत होते.

"मेला," दादा म्हणाला.

वहिनी उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "पुन्यांदा टाका."

"न्हाई टाकता येत. नियम हाय."

"एकदा टाका. माझ्यासाठी."

"अगं, ठोकळा हाय त्यो. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना आपण? मग ह्यात काय देव बसलाय व्हय? आज तुला टाकू दिलं तर उद्या कुशाबा मागंल. मग खेळाला काय अर्थ ऱ्हातो?"

आनंदा हसत होता. "आये, मेलो तर मेलो. दुसरा बनवू की." वहिनीनं सूप उचललं आणि आत गेली. मी दादाला म्हटलं, "दे की टाकू, काय तुझ्या बापाचं जातंय?" तो म्हणाला, "आपला बाप एकच हाय, चांगुणे." आम्ही सगळे हसलो. दुसरा माणूस त्या दिवशी बनवला नाही.

आनंदा पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात गेला. लांब उत्तरेला, पहाऱ्यावर असताना बर्फाचा कडा खाली आला. तार आली, मग पेटी आली. विहारापुढं सगळं गाव उभं होतं, वरच्या आळीचंही. पोरगं एकवीस वर्षांचं होतं. ह्यापुढं काय सांगू? मला सांगता येत नाही.

वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं दादाला एका शब्दानं बोल लावला नाही. मीठ संपलंय, म्हैस आटलीय, सगळं बोलायची, फक्त दादासमोर आनंदाचं नाव घ्यायची नाही. त्यानं घेतलं की उठून जायची. ज्या पोराला दोघांनी मिळून वाढवलं त्याच्यासाठी दोघांना मिळून रडता येत नव्हतं. खोका फळीवरच होता आणि गुरुवार नुसते येऊन जात होते. दादाची पाठ वाकली. एकदा मला म्हणाला, "ठोकळ्यानं पोरगं मेलं न्हाई, येवढं कळतं मला. पण ती मागत हुती, आन मी नियम सांगत बसलो."

अशी अडीचेक वर्षं गेली. मग त्या गोवेकर साहेबाचं पार्सल आलं. बिचाऱ्याला आमच्याकडचं काहीच माहीत नव्हतं. त्याच खेळाची नवी पुस्तकं निघाली होती, ती त्यानं प्रेमानं पाठवली. दादा हात लावेना. मीच चिडून दोरी तोडली. म्हटलं, "वाच. भिताडाकडं बघत बसण्यापरीस वाच."

त्यानं चष्मा लावला. जुनी पुस्तकं खाली काढली, एका मांडीवर जुनं, एका मांडीवर नवं. हळूहळू कुरकुर सुरू झाली. "केवढं जाड केलंय. पहिलं अवघड काय, सोपं काय, ते आपणच ठरवायचं. आता समद्याचं कोष्टक. जरा बोलायला जागा म्हणून ठेवली न्हाई." कितीतरी महिन्यांनी तो एवढं सलग बोलत होता. मग एका पानावर थांबला आणि चष्मा काढला.

"काय झालं?" चुलीपुढून वहिनीनं विचारलं.

"नियम बदललाय. नोकरीतला." त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "फासे कमी पडले तरी मरत न्हाई आता. जखमी हुतो. नोकरी तितंच संपती आन घरी धाडत्यात."

वहिनीनं तवा उतरवला. पदराला हात पुसत आली आणि समोर बसली. "आनंदाला बनवा," ती म्हणाली.

पहिला डाव दादानं टाकला, सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला वहिनीनं त्याच्या हातातून फासे घेतले आणि स्वतः टाकले. चार. कमीच पडले पुन्हा.

"वाचा की," वहिनी म्हणाली.

"जखमी. घरी परत. वय अठ्ठावीस."

"कशाला लागलं? हाताला का पायाला?"

"ते लिवलेलं न्हाई. आपण ठरवायचं."

वहिनीनं थोडा विचार केला. "पायाला असू द्या. भाकरी हातानं खाता आली पायजे."

दादा रडायला लागला, पोरासारखा. "अनुसया, तवा टाकू द्यायला पायजे हुतं."

"व्हय," वहिनी म्हणाली. "पायजे हुतं." मग तीही रडली. तिनं त्याला माफ केलं का, मला माहीत नाही. पण जागची उठली नाही.

पुढं गुरुवारी पुन्हा डाव बसायला लागला. एकदा कुशाबा म्हणाला, "जहाजावर माणूस कमी पडतंय. आनंदाला घेऊ या का? फौजेतनं सुटलेलाच खेळात घ्यायचा, असा नियमच हाय की."

"न्हाई," वहिनी आतूनच म्हणाली. "त्यो घरी हाय."

"पर नियमात तर..."

दादानं पुस्तक मिटलं. "ती न्हाई म्हणतीया ना, कुशाबा," तो म्हणाला. "मग नियम ऱ्हाऊ दे."