टूनगॅबीहून कॅनबेराला, रूताच्या सहीसाठी

सिडनीच्या विमानतळावर उतरल्याबरोबर पहिली गोष्ट कोणती झाली, तर माझं विरजण गेलं. कऱ्हाडहून स्टीलच्या डबीत, वर प्लास्टिक, त्यावर रुमाल बांधून जिवापाड जपून आणलेलं. फॉर्मवर मी खरं तेच लिहिलं होतं, कारण या वयात खोटं बोलताना पकडले जाण्याची मला भीती वाटते. तिथल्या बाईंनी डबी उघडली, वास घेतला, "सॉरी डिअर" म्हणाल्या आणि डबीसकट पिंपात टाकली. निदान डबी तरी द्या म्हटलं, तर तेही नाही. मेतकूट आणि गोडा मसाला सोडला हे उपकारच म्हणायचे. मी बाहेर आले ती धुसफुसतच.

आमच्या वाचनमंडळातल्या बायकांनी निघताना बजावलं होतं, की आल्यावर सगळं सविस्तर लिहायचं, कांगारू, समुद्र, ते शिंपल्यांसारखं नाट्यगृह. कांगारू एकच पाहिला, तोही हमरस्त्याच्या कडेला मरून पडलेला. समुद्र पाहिला, नाट्यगृह पाहिलं, दोन्ही छान आहेत. पण मी लिहिणार आहे ते भलत्याच गोष्टीवर. युरोपातल्या देशांनी मिळून एक कायमची फौज उभारावी की नाही, यावर. हसू नका. त्या एका प्रश्नापायी माझ्या लेकीच्या घरात मी असेपर्यंत कुणी धड जेवलं नाही.

माझी लेक मंजिरी पुण्याहून नोकरीसाठी इथे आली, त्याला पंचवीस वर्षं होतील. जावई तोमास. जन्माने सिडनीचा, पण त्याचे आजोबा युद्धानंतर लिथुआनिया सोडून निर्वासित म्हणून इथे आले. लिथुआनिया म्हणजे युरोपच्या पूर्व टोकाचा, रशियाला खेटून असलेला छोटा देश. लग्नाच्या वेळी मला तो नकाशात शोधावा लागला होता. या दोघांची एकुलती एक मुलगी रूता, वीस वर्षांची, युनीत (विद्यापीठात) शिकते. रूता हे त्यांच्याकडे एका फुलझाडाचं नाव आणि आपल्याकडे कानाला गोड, म्हणून दोन्ही घरं खूश. पणजोबांच्या हक्काने तिला त्या देशाचा पासपोर्टही मिळालेला आहे. गेल्या सुट्टीत ती तिकडे जाऊन आली. तिथे तिची एक लांबची बहीण, अगदी तिच्याच वयाची, नऊ महिन्यांच्या सैनिकी सेवेत होती. तेव्हापासून रूताने एकच धोशा लावला होता, की मलाही जायचंय.

हे मला टूनगॅबीला, म्हणजे सिडनीच्या ज्या उपनगरात मंजिरी राहते तिथे, पोहोचल्यावर कळलं. घर छान, मागे लिंबाचं झाड, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चिटपाखरू नाही म्हणते, पण दुसऱ्याच दिवशी फिरायला गेले तर काळ्यापांढऱ्या मॅगपाय पक्ष्याने मागून येऊन टाळक्यात चोच मारली. वसंतात त्यांची पिल्लं असतात, म्हणून ते असे धावून येतात म्हणे. मंजिरी म्हणाली, आई, त्या रस्त्याने जाऊच नकोस. पिल्लांसाठी अनोळखी म्हातारीच्या डोक्यात चोच मारायची, हे मला मात्र समजण्यासारखं होतं.

तिसऱ्या दिवशी जवळच्या वेंटवर्थव्हिलला सामान आणायला गेलो. तिथल्या सगळ्या पाट्या आपल्या, कढीपत्त्याची जुडी, कैरी, पोहे, अगदी शेवग्याच्या शेंगासुद्धा. मी दह्याचा डबा उचलला, विरजणाला होईल म्हणून. मंजिरीने तो माझ्या हातातून काढून परत ठेवला. घरी योगर्ट आहे, दही नको लावूस, एवढंच म्हणाली. मला वाटलं, वासाचं वगैरे काही असेल. तिची पाठ वळल्यावर मी डबा गुपचूप टोपलीत टाकला. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

रविवारी बँक्सटाउनला व्याह्यांकडे जेवण होतं. योनासराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ताठ, एकटे राहतात. रूता त्यांना सेनेलिस (आजोबा) म्हणते. त्यांनी बिटाचं गार सार केलं होतं, ताकातलं, रंग असा गुलाबी की आधी पाहून घ्यावं आणि मग प्यावं. वर शेपू. मला ते फार आवडलं, आणखी मागून घेतलं. तेवढ्यात टीव्हीवर युरोपच्या फौजेची बातमी लागली आणि सगळे चमचे थांबले.

तोमासचं म्हणणं, की प्रत्येक देश आपली वेगळी छोटी फौज कशाला बाळगतो? सगळ्यांनी मिळून एक उभी करावी, पगारी, तयारीची. म्हणजे छोट्या देशांना पोरंटोरं बोलवावी लागणार नाहीत आणि कुणाच्या मुलीला सिडनीहून धावत जावं लागणार नाही. हे बोलताना तो रूताकडे बघतही नव्हता.

योनासरावांनी चमचा खाली ठेवला. "माझ्या बापाकडे बंदूक होती, गोळ्या होत्या," ते म्हणाले. "चाळीस साली रशियाचे रणगाडे आत आले, तरी लढायचा हुकूम आला नाही. एका राजधानीतून आला नाही तो. आता युरोपच्या सत्तावीस राजधान्यांतून वेळेवर येईल?"

मला जीभ आवरेना. मी म्हटलं, आमच्याकडे या. आमच्या फौजेत गढवाली असतो, तमिळ असतो, मराठा असतो, भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण जेवण एका लंगरमध्ये (सैनिकांच्या भटारखान्यात) आणि हुकूम एक. माझे यजमान सुभेदार होते, मला माहीत आहे. योनासरावांनी शांतपणे विचारलं, ते कुठे गेले? मी म्हटलं, श्रीलंकेत.

"तो तुमचा देश?"

"नाही."

"म्हणजे हुकूम वेळेवर आला होता."

मंजिरी ताटल्या उचलून आत गेली. रूताच एकटी बोलली, तिच्या त्या अर्ध्या मराठीत. "आजी, यू ऑल कीप डिबेटिंग. एक आर्मी करा, नाहीतर नका करू. तुमचं ठरेपर्यंत तिथे कोणीतरी उभं राहायला लागतं ना?" घरी येताना गाडीत मंजिरीने तिच्याकडून एवढंच वदवून घेतलं, की डिग्री होईपर्यंत हा विषय बंद. निदान मंजिरीची तशी समजूत होती. रूता हो म्हणाली नव्हती, नुसती गप्प बसली होती.

आता माझी चूक सांगते.

पुढच्या गुरुवारी सकाळी रूता नीटनेटके कपडे घालून, केस बांधून स्वयंपाकघरात आली. म्हणाली, आजी, आज कॅनबेराला इंटरव्ह्यू आहे. कॅनबेरा म्हणजे इथली राजधानी, सगळी सरकारी नोकऱ्यांची जागा. तिने सुट्टीतल्या कामासाठी अर्ज केलेले मला माहीत होते. मला इतका आनंद झाला. चला, पोरगी रुळावर आली. आपल्या घरातलं कुणी मुलाखतीला, परीक्षेला निघालं की आपण काय करतो? मी फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यातून माझं लपवलेलं दही काढलं, चिमूटभर साखर घातली, तिच्या उजव्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, यशस्वी होऊन ये. तिने ते खाल्लं, वाकून नमस्कार केला. उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, घाबरलीय.

मंजिरी दारात उभी होती. तिने आधी रूताचा हात पाहिला, मग टेबलावरची फाइल आणि तिच्यावरचा तो लालसर पासपोर्ट. माझ्या तेव्हा लक्षात आलं. मुलाखत लिथुआनियाच्या वकिलातीत होती, फौजेत नाव घालायची.

"बाबा ड्यूटीवर निघताना त्यांच्या हातावर प्रत्येक वेळी तूच ठेवायचीस," मंजिरी म्हणाली. "म्हणून माझ्या घरात दही लावत नाही मी. आई, ती वीस वर्षांची आहे, मला तिला अडवता येत नाही. पण तू दिलंयस, तूच परत घे."

पंचवीस वर्षांत तिने हे मला सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. बाहेर योनासरावांची गाडी येऊन थांबलेली. मी चपला घातल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

कॅनबेराचा रस्ता तीन-सव्वातीन तासांचा. शहर सुटलं की मोकळं रान लागतं, फिक्या हिरव्या टेकड्या, एकेकटी निलगिरीची झाडं, मैलोन् मैल कुंपणं. गोलबर्नला एक मेंढा आहे, सिमेंटचा, तीन मजली घराएवढा. एरवी मी उतरून फोटो काढला असता. पुढे एक विशाल तळं लागलं, त्यात पाणी नाही, मेंढ्या चरत होत्या. योनासराव म्हणाले, कधी भरतं, कधी आटतं, का ते कुणाला नक्की सांगता येत नाही. मी त्यांना विचारलं, तुम्ही हिला का नेताय? ते म्हणाले, "मी नाही नेलं तर बसने जाईल. माझ्या गाडीत निदान परत यायला जागा आहे." रूता पुढे बसून खिडकीबाहेर बघत होती. दिलेलं दही परत कसं घ्यायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

कॅनबेरा आखलेलं गाव आहे, रस्ते रुंद, माणसं कमी, सगळं इस्त्री केलेलं. वकिलातीच्या इमारतीपाशी गाडी थांबली. मी रूताचा हात धरला. मराठीतच बोलले, कारण इंग्रजीत मला ते जमलं नसतं. म्हटलं, तुझे आजोबा शेवटच्या सुट्टीत आले होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, पेन्शनीत निघू का? मी म्हटलं, दोन वर्षं काढा, घराचं काम होईल. ते गेले. मी कधीही त्यांना नका जाऊ म्हटलं नाही, एकदाही नाही. सुभेदाराच्या बायकोने म्हणायचं नसतं अशी माझी समजूत. तुझ्या आईलासुद्धा हे मी सांगितलेलं नाही.

"नको जाऊस, रूता," मी म्हटलं. "ते दही मी नोकरीसाठी दिलं होतं. नको जाऊस."

तिने मला मिठी मारली, बराच वेळ. मग फाइल घेऊन आत गेली.

आम्ही दोन म्हातारी माणसं बाहेर बाकावर बसलो. ऊन लख्ख, वारा गार. योनासराव टोपी हातात फिरवत होते. जन्मभर मी हुकूम आला नाही म्हणून चिडलो, ते म्हणाले, आणि आज देवाजवळ मागतोय, की कधी येऊच नये. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण व्याही पडले. मी पिशवीतला चिवडा पुढे केला आणि त्यांनी तो घेतला.

पाऊण तासाने रूता आली. सही झाली होती. परतताना गोलबर्नला चहाला थांबलो, तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, फॉर्मवर एक रकाना होता, काही झालं तर पहिल्यांदा कुणाला कळवायचं.

"तुझं नाव लिहिलंय, आजी. सॉरी. आई अकरा वर्षांची होती ना तेव्हा? आजोबा गेल्याची तार आली, दार तिने उघडलं. मला तिने एकदाच सांगितलंय. आय कान्ट डू दॅट टू हर अगेन."

दार मंजिरीनेच उघडलं होतं. मी मागे विहिरीवर होते. त्या दुपारबद्दल आम्ही मायलेकी आजवर एक शब्द बोललेलो नाही. गोलबर्नच्या त्या हॉटेलात चारचौघांत मी रडले. चहा आणून देणाऱ्या मुलीने न विचारता आणखी कागदी रुमाल आणून ठेवले आणि "नो वरीज" (काही हरकत नाही) म्हणून गेली.

घरी मंजिरीने दारातच विचारलं, घेतलंस परत? मी म्हटलं, मागितलं, तिने दिलं नाही. आणि तिथेच, चपला काढायच्या आधी, बाबांच्या पेन्शनीचंही सांगून टाकलं. ती काही बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढचे कितीतरी दिवस नाही. मला वेळेवर वाढायची, औषध विचारायची, बस. त्या घरातली शांतता मला त्या मॅगपायच्या चोचीपेक्षा जास्त लागली.

आता मी कऱ्हाडला आहे. परीक्षा झाल्यावर रूता गेली, तिचं सैनिकी शिक्षण तिकडच्या बर्फात चालू आहे. मंडळातल्या बायका विचारतात, मग काय, करावी का त्या लोकांनी एक फौज? मी दोन्ही बाजू जेवणाच्या टेबलावर ऐकल्यात आणि खरं सांगते, मला ठरवता येत नाही. तोमासचं पटतं, योनासरावांचंही पटतं. एवढंच कळलंय, की सत्तावीस देशांची मिळून एक फौज होवो नाहीतर सत्तावीस वेगळ्या राहोत, त्या रकान्यात नाव एकाच माणसाचं असतं.

निघायच्या दिवशी मंजिरी विमानतळावर सोडायला आली होती. मी आत जायला वळले, तेव्हा तिने मागून माझा दंड धरला. रूताने तिला रकान्याचं सांगितलेलं होतं, हे मला तिच्या तोंडाकडे पाहूनच कळलं.

"आई," ती म्हणाली, "फोन बंद करून झोपत जाऊ नकोस. आणि आलाच, तर मला तू सांग. दुसऱ्या कुणाकडून नको."

मी हो म्हटलं. फोन तेव्हापासून उशाशी असतो, चालू.