फोटोमावशीचा विमा

फोटोमावशी कुणाकडेही बघायची ती एक डोळा मिटून. डावा डोळा मिटायचा, मान किंचित तिरकी करायची आणि समोरच्याला पगडीपासून वहाणांपर्यंत न्याहाळायचं, ही तिची रीत. आमच्या गल्लीत एक नवा भाजीवाला येऊ लागला होता. मावशीनं पहिल्याच दिवशी त्याच्याकडे असं पाहिल्यावर तो बिचारा इतका गडबडला, की कोथिंबिरीची जुडी तशीच टाकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन त्याची बायको आली. कारण कळलं तेव्हा मावशी पोट धरून हसली. "अगं, मी त्याच्या नाकाची सावली बघत होते! केवढं सुंदर नाक!"

आम्ही काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहायचो. माझे वडील पाठशाळेत शिकवत. आमच्या खालच्या मजल्यावर मावशी आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, यांचं बिऱ्हाड आणि फोटोचं दुकान होतं. दुकान मुळात काकांचं. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, शस्त्रक्रिया फसली आणि उजेड-अंधारापलीकडे काही दिसेनासं झालं. साताऱ्याकडच्या नातलगांनी निरोप धाडला, की आता गाशा गुंडाळा आणि देशावर परत या. मावशीनं ऐकून घेतलं. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा, आणि इतकी वर्षं अंधाऱ्या खोलीत त्या काचा धुण्याचं काम तीच करत आली होती. एके सकाळी तिनं नऊवारीचा कासोटा नीट खोचला, कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात डोकं घातलं आणि आतूनच म्हणाली, "उजेड कसा आहे, तेवढं सांगत चला."

तेव्हापासून काका दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि उन्हाकडे गाल करायचे. "थांब, ढग आलाय," म्हणायचे. "आता घे." त्यांचा गाल कधी चुकला नाही, असं मावशी सांगायची. खरं तर चुकायचा. पण वाया गेलेली काच ती त्यांना न सांगता बाजूला ठेवायची.

बाई फोटो काढते ही बातमी काशीभर पसरली आणि काकांच्या काळात कधी आलं नव्हतं असं गिऱ्हाईक येऊ लागलं. पडद्यातल्या बायका. परक्या पुरुषासमोर त्या बसणार नव्हत्या, पण मावशीसमोर घूंघट मागे घ्यायला हरकत नव्हती. गल्लीत डोल्या थांबू लागल्या. सासू सुनेला घेऊन यायची, आणि सुनेचा फोटो झाल्यावर लाजत लाजत आपणही बसायची. मावशी सगळ्यांना एकच ताकीद द्यायची, "हसू नका. हसू हलतं आणि पुसलं जातं. नुसतं बघा. बघणं राहतं."

अशा भरभराटीच्या दिवसांत विम्याचे अप्पा मावशीकडे आले. मराठीच गृहस्थ, उंच, घामाघूम, काखेत छत्री. कलकत्त्याच्या एका कंपनीचे एजंट होते. काकांकडे बघून त्यांनी आवाज मऊ केला. "वहिनी, वाईट बोलू नये, पण यजमानांचा एखादा विमा असावा."

"यांचा नको," मावशी म्हणाली. "कॅमेऱ्याचा निघतो का?"

अप्पांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. निघतो म्हणाले, चोरीचा निघतो, मोडतोडीचाही निघतो, पण आधी माणसाचा...

"अहो, हे गेले तर मी रडेन. कॅमेरा गेला तर दोघं उपाशी मरू. मग कशाचा काढायचा, तुम्हीच सांगा."

सगळ्यात मोठ्यानं हसले ते काका. गल्लीला मात्र हे पचलं नाही. नवऱ्याला सोडून लाकडी पेटीचा विमा काढला म्हणून घाटावर आठ-पंधरा दिवस कुजबुज चालली. आमच्याकडे येणाऱ्या एका शास्त्रीबुवांनी तर मावशीला जिन्यातच गाठलं. "काशीत राहून विमा? विश्वनाथावर भरवसा नाही वाटतं?" मावशीनं एक डोळा मिटून त्यांच्याकडे पाहिलं. "शास्त्रीबुवा, विश्वनाथाच्या देवळालाही कुलूप असतं."

अप्पांनी कंपनीचे नियम तिला वाचून दाखवले. त्यातला एक असा होता, की पाण्यावर कॅमेरा वापरताना काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. "मला काय मासे टिपायचेत?" असं म्हणून मावशीनं सही केली.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. बिहारकडच्या एका जमीनदाराची म्हातारी आई काशीवासाला येऊन राहिली होती. तिचा जन्मात फोटो निघाला नव्हता. दूर दिलेल्या लेकीसाठी एक हवा होता, पण मागे गंगा दिसली पाहिजे, असा तिचा हट्ट. चार भिंतींत तो कसा पुरवणार? शेवटी रामधनी मल्लाहाचा बजरा, म्हणजे खोली असलेली मोठी नाव, ठरवला. सकाळच्या कोवळ्या उन्हात म्हातारीला डोलीतून उतरवून नावेत बसवलं. आई आणि मी त्या वेळी घाटावर स्नानाला गेलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

म्हातारीचा फोटो उत्तम झाला. ती काच पिशवीत नीट गेली. नाव काठाकडे वळली तेव्हा मावशीनं कॅमेरा पेटीत ठेवायला हवा होता. पण वर घाटमाथ्यावरच्या मशिदीच्या मिनारांवर ऊन आलं होतं आणि घाटाच्या पायऱ्या सोन्यासारख्या झाल्या होत्या. तिनं नवी काच चढवली आणि काळ्या कापडात शिरली. तेवढ्यात यात्रेकरूंची एक नाव येऊन बजऱ्यावर आदळली. तिवई कलंडली. कॅमेरा नावेच्या कडेवर आपटला आणि पाण्यात गेला.

मावशी काळं कापड हातात धरून उभी राहिली. रामधनीनं वल्हं टाकून उडी मारली. एकदा वर आला तो रिकाम्या हातांनी. दुसऱ्यांदा बराच वेळ वर आलाच नाही, तेव्हा मावशीच्या तोंडून पहिला शब्द फुटला, "रामधनी! रहने दे! ऊपर आ जा!" तो आला तो कॅमेरा छातीशी धरून. लाकूड फुटलं होतं, मधला घड्यांचा कातडी भाता फाटून लोंबत होता.

दुपारी अप्पा धावत आले. काकांना सगळं कळलं होतं. ते खुर्चीत बसले होते. अप्पांनी दार लोटून घेतलं. "वहिनी, पाण्यावर फोटो घेताना पडला म्हणालात तर काही मिळणार नाही. चोरीला गेला म्हणा. पुढचं मी बघतो."

"चोरीला गेला म्हटलं की चौकीत जावं लागेल ना?"

"जावं लागेल."

"जमादार विचारेल, बरोबर कोण होतं. मग आधी कुणाला धरेल?"

अप्पा छत्रीची मूठ चोळू लागले.

"जो माझ्यासाठी बुडता बुडता वाचला, त्याच्या पाठीवर मी काठ्या पडू देऊ?" मावशी काकांकडे वळली. "तुम्ही काय म्हणता?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. "रामधनीनं गरम काही प्यायलं का, ते विचार आधी."

कंपनीचा तपासनीस आला तो तरुण बंगाली होता, बुटांना जपत गल्लीतून चालणारा. त्यानं मोडका कॅमेरा पाहिला, भिंतीवरचे फोटोही पाहिले. त्याच्या मनात मावशीला मदत करायचं असावं. हिंदीत म्हणाला, "माँजी, घर लौटते समय कॅमेरा पेटी में बंद था, है ना?" बंद पेटी म्हणजे वापर नव्हे, म्हणून कोपऱ्यात अप्पा जोरजोरात मान डोलावत होते.

"पेटी में होता, तो आप आज यहाँ नहीं होते," मावशी म्हणाली आणि अप्पांकडे वळली. "मला मिनार हवे होते. लोभ माझाच."

कंपनीनं काही दिलं नाही. ते दहा-बारा दिवस खालच्या मजल्यावरून आवाजच येत नव्हता. आलेल्या डोल्या परत जात. एकदा मी खाली डोकावले तर मावशी कॅमेऱ्याचं भिंग पदरानं पुसत बसली होती. भिंग शाबूत होतं. कडेला एक टवका उडाला होता, एवढंच.

यातून वाट काढली ती अप्पांनीच. एके सकाळी ते बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या उस्मानचाचांना घेऊन आले. चाचांनी फाटका भाता उलटसुलट करून पाहिला. "इसमें से हवा नहीं निकलनी चाहिए, यही ना?"

"हवा नहीं चाचा, उजाला नहीं घुसना चाहिए."

"एक ही बात है," चाचा म्हणाले, आणि मांडी घालून कामाला लागले.

लाकडाचा सांगाडा लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिरानं जोडला. त्यानं सवयीनं त्याला लाल लाखेचा रंग दिला, तो मावशीनं तसाच राहू दिला. भिंगाच्या टवक्यामुळे प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आता एक पांढुरका ठिपका येऊ लागला. मावशी आधी हिरमुसली. पण बायकांनी त्याचं नाव गंगाजीचा थेंब ठेवलं आणि मुद्दाम तो मागून घेऊ लागल्या. विम्याची मुदत संपली तेव्हा अप्पा तोंड लपवत होते. मावशीनंच त्यांना बोलावून घेतलं आणि पुढ्यात चहा ठेवला. "नवा काढा. आणि या खेपेला पाणीसुद्धा लिहा, अप्पा."

माझं लग्न झालं आणि मी ग्वाल्हेरला गेले. पस्तीस-चाळीस वर्षांनी, वडील गेल्यानंतर, आईला न्यायला म्हणून काशीला आले. काका तोवर राहिले नव्हते. मावशीचे हात कापू लागले होते, आणि कॅमेरा तिनं शेजारच्या सुनेला शिकवून तिच्या हवाली केला होता. चुकल्यासारखं वाटतं का, असं मी विचारलं. "वाटतं ना," ती म्हणाली. "पण तिचे फोटो माझ्यापेक्षा बरे येतात. मग किती दिवस वाटून घेणार?"

आम्ही बोलत होतो तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आत आली. डोक्याला एक काळा केस नव्हता. "बहिनजी, एक बार फिर दिखा दीजिए," म्हणाली. तिची दर महिन्याची फेरी असावी, कारण मावशीनं न विचारता फडताळातून एक काच काढली आणि खिडकीशी धरली.

काचेवर एक नवी नवरी होती. काचेवर सगळं उलटं उमटतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, तसे तिचे केस पांढरेशुभ्र दिसत होते.

"देखिए तो," म्हातारी हसत मला म्हणाली, "मैं तो तभी बूढ़ी थी!"

मावशीनं काच उजेडातून काढली, मागे काळं कापड धरलं आणि हळूच कलती केली. नवरीचे केस एकदम काळेभोर झाले. म्हातारी हसायची थांबली. तिनं दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर टेकले आणि ती बघत राहिली. मावशीचे हात कापत होते, म्हणून मी काचेची दुसरी बाजू धरली.