तिखन शांगिनने बंदूक बदलली

तिखन शांगिन सव्वीस वर्षं पाहुण्या शिकाऱ्यांना बेटावरच्या अस्वलांच्या डोंगरात नेत होता. एवढ्या वर्षांत त्याला एक गोष्ट नजरेनेच कळू लागली होती, ती म्हणजे कोण आपल्याच बंदुकीला घाबरतो. शिकारी तळावर उतरला की पहिल्याच दुपारी तळाचा मालक डेल ओस्ट्रम त्याला शंभर पावलांवरच्या कागदावर तीन गोळ्या झाडायला लावायचा. प्रवासात बंदुकीवरची दुर्बीण हलली असेल, बघून घेऊ, असं म्हणायचा. दुर्बिणीकडे कुणाचंच लक्ष नसे. तिखन बाजूला उभा राहून पाहुण्याच्या पापण्या बघायचा. चाप ओढायच्या आधीच त्या मिटल्या आणि खांदा पुढे आला, तर संध्याकाळी तो ओस्ट्रमला एवढंच सांगायचा, "याला फार जवळ न्यावं लागेल."

गेल्या ऑक्टोबरात त्याच्या स्वतःच्या पापण्या मिटल्या.

पाहुण्याची गोळी अस्वलाला नीट लागली नव्हती. जखमी जनावर आल्डरच्या दाट झुडपांत शिरलं. अशा वेळी पुढे जायचं ते गाइडने, पाहुणा त्याच्या मागे. वीस पावलांवर फांद्या हलल्या आणि अस्वल समोर आलं. तिखनने आपली चारशे अठ्ठावन्न कॅलिबरची बंदूक खांद्याला लावली आणि झाडली. गोळी त्याच्यापासून सहा पावलांवर चिखलात गेली. चिखल उडाला, आवाज घुमला, अस्वल बिचकून उताराकडे वळलं आणि खालच्या ओढ्यात पहिल्याच जखमेने मेलं. पाहुण्याने तळावर येऊन सगळ्यांना सांगितलं, की तिखनने मुद्दाम जमिनीवर बार काढला, कातड्याला दुसरं भोक पडू नये म्हणून. ओस्ट्रमने तिखनची पाठ थोपटली. तिखन बंदूक पुसायला बसला. चाप ओढताना त्याने अस्वल पाहिलंच नव्हतं. पापण्यांच्या आत जो तांबूस अंधार असतो, तेवढाच त्याला दिसला होता.

हिवाळाभर तो त्या अंधारापाशी एकटा बसून राहिला. एप्रिलच्या हंगामात पुन्हा कुणीतरी त्याच्या पाठीशी उभं राहणार होतं, त्याच्यावर भरवसा ठेवून.

फेब्रुवारीत त्याने स्वतःच उपाय ठरवला. रोज खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर जायचं आणि त्याच बंदुकीचे दहा बार काढायचे. अंगाला सवय झाली की भीती मरेल, असं त्याला वाटलं. चार दिवसांत खांदा काळानिळा झाला. पाचव्या दिवशी शनिवार होता, आणि शनिवारी बान्या, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, तापतो. बान्यात उघड्या अंगाने बसावं लागतं. तिथल्या वाफेत चेहरा लपतो, पण खांदा लपत नाही.

"हे काय झालं?" पालागेयाने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"ओंडका लागला."

"रोज त्याच जागी?" तिने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. "चार दिवस तोफा ऐकतेय मी. शेजारीण विचारत होती, तुझ्या नवऱ्याने समुद्राशी भांडण काढलंय का."

तिखनने मग सगळं सांगितलं. वाफ दाट होती, ते बरं झालं. तिचा चेहरा दिसत नव्हता आणि त्याचा तिला. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही, तेव्हा तो खरा घाबरला.

"ओस्ट्रमला माहीत आहे?"

"नाही."

"तुझ्यामागे जो उभा राहील त्याचीही कुठेतरी बायको असेल, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "उद्या मी येते किनाऱ्यावर."

पालागेया चाळीस वर्षं घरासाठी हरणं मारत होती, एका जुन्या हलक्या रायफलने, आणि त्याबद्दल ती कधी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याकडे पाठ करून बंदूक भरली आणि त्याच्या हातात दिली. आत खरं काडतूस आहे की झाडलेलं रिकामं टरफल, हे फक्त तिला ठाऊक. पहिला बार उडाला. दुसऱ्या वेळी नुसतंच टक् झालं, आणि त्या शांततेत दोघांनीही पाहिलं. धक्का नव्हता, आवाज नव्हता, तरी नळीचं टोक वीतभर खाली बुडालं होतं आणि तिखनचे डोळे गच्च मिटलेले होते.

"पाहुण्याला असं करताना पाहिलं असतंस तर काय म्हणाला असतास?"

"घरी पाठवा म्हणालो असतो."

"मग चल घरी."

घरी तिने धुरावर सुकवलेला सामन मासा आणि कडक बिस्किटं पुढ्यात ठेवली आणि बंदूक टेबलावर आडवी ठेवून तिच्याकडे बराच वेळ बघत बसली. ही बंदूक मुळात अशी नव्हती. झुडपांत अडकते म्हणून तिखनने तिची नळी कापून आखूड केली होती. दिवसभर खांद्यावर ओझं नको म्हणून अक्रोडाचा दस्ता काढून हलका प्लास्टिकचा बसवला होता. बेटावरचे निम्मे गाइड हेच करतात आणि त्याला शहाणपण समजतात. सात पौंडांवर आलेली ती बंदूक वाहायला मुलासारखी हलकी झाली आणि झाडताना खेचरासारखी लाथ मारू लागली. आखूड नळीतून आवाजही थेट कानात फुटायचा.

"वजन तू काढलंस," पालागेया म्हणाली, "ते गेलं कुठे असं वाटलं तुला? सगळं एकदम खांद्यावर येतंय."

तिखनने बिस्किट चहात बुडवलं. सव्वीस वर्षांत हा हिशोब त्याला सुचला नव्हता. ओझं दिवसभर थोडं थोडं वाहायचं, की एका क्षणात सगळं अंगावर घ्यायचं? त्याने दुसरं निवडलं होतं, आणि निवडलं हे त्याला माहीतही नव्हतं. माणूस आणखी किती ठिकाणी असं करत असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि रेंगाळत राहिला.

पालागेयाचा थोरला भाऊ इनोकेंटी एकेकाळी गाइड होता. गुडघे गेल्यापासून त्याची तीनशे पंचाहत्तर कॅलिबरची बंदूक भिंतीवर होती. लांब नळीची, जाड लाकडाची, दहा पौंडांची.

"या मेहुणेबुवा," इनोकेंटी म्हणाला. "ऐकलं मी. सगळ्या खाडीने ऐकलं. आता काय, माझी तोफ हवी?"

"बदल्यात माझी ठेव."

"ते खेळणं? त्याने मी दारातले कावळे हाकलीन." त्याने बंदूक खाली काढली आणि हसणं थांबवलं. "ऐक. ही पण ढकलते. पण ढकलते, मारत नाही. दोन्ही हातांनी घट्ट धर, गाल लाकडाला चिकटव, आणि उभ्यानेच झाड. बसून झाडलीस तर अंगाला मागे जायला जागा राहत नाही. आणि रेनकोट घालून खांद्याला लावून बघ. आमच्यासारखे गाढव शर्टावर माप घेतात आणि कोटावर झाडतात."

ते खरं निघालं. लोकरीचा स्वेटर आणि वर जाड रेनकोट घातला की दस्ता लांब पडायचा. मग तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडाच्या हाडावर टेकायचा. तिखनने स्वयंपाकघरातच करवत घेतली आणि दस्ता पाऊण इंच कापला. मागे रबराची जाड गादी बसवली. लाकडाचा भुसा पालागेयाच्या पिठाच्या परातीत उडाला. "खा आता तोच," ती म्हणाली.

महिनाभर त्याने मोठा बार जवळजवळ काढलाच नाही. रोज सकाळी रिकामी बंदूक उचलायची, नळीवर एक टरफल उभं ठेवायचं आणि ते पडणार नाही असा चाप ओढायचा. दुपारी मुलांच्या छोट्या रायफलने वीस गोळ्या. आठवड्यातून एकदा तीनशे पंचाहत्तरचे चार बार, कानात बोळे घालून आणि कोट घालून. भरायला पालागेया. "अर्धी भीती कानातच असते," असं ती म्हणायची. टक् झालं की ती नळीचं टोक बघायची आणि ते किती बुडालं ते बोटांनी दाखवायची. दोन बोटं. मग एक बोट. कधीकधी पुन्हा तीन. भीती पूर्ण गेली नाही. ती आत येऊन बसायची, पण आता तिच्या येण्याचा आवाज त्याला ऐकू यायचा.

एप्रिलच्या पहिल्या दिवशी तळावर पोचताच त्याने ओस्ट्रमला बाजूला घेऊन ऑक्टोबरातल्या गोळीचं सांगितलं. ओस्ट्रमचं तोंड हळूहळू कठीण होत गेलं.

"पाच महिने, तिखन?"

"हो."

"मी लोकांना ती गोष्ट सांगत फिरलो. गाइड असावा तर असा, म्हणून."

"माहीत आहे. ऐकताना अन्न गोड लागत नव्हतं."

ओस्ट्रमने स्वतः त्याची बंदूक भरली. पाच बार, त्यांत दोन रिकामे. पहिल्या रिकाम्याला नळी हलली नाही. दुसऱ्याला किंचित हलली. कागदावरची तिन्ही भोकं तळहाताखाली झाकली जात होती. ओस्ट्रमने कागदाची घडी करून खिशात घातली.

"पाहुण्याबरोबर तूच जा," तो म्हणाला. "पण जनावर जखमी झालं तर एकट्याने झुडपात पाऊल टाकायचं नाही. रेडिओवर मला बोलवायचं. परत असं काही दिसलं तर तू तळावर स्वयंपाक करशील."

"करीन," तिखन म्हणाला. सव्वीस वर्षांत असं कुणी त्याला बजावलं नव्हतं.

सहाव्या दिवशी ती वेळ आली. पाहुणा ओहायोचा दाताचा डॉक्टर होता, भला माणूस. त्याची गोळी मागच्या बाजूला लागली आणि अस्वल झुडपात गेलं. तिखनने रेडिओवर निरोप दिला आणि खडकाच्या आडोशाला बसला.

"आत जायचं नाही?" डॉक्टरने विचारलं.

"थांबायचं."

"तुम्ही तर एकटेच जाता म्हणे."

"जायचो," तिखन म्हणाला आणि त्याला थर्मासमधला चहा दिला.

दीड तासाने ओस्ट्रम आला. डॉक्टरला वर बसवून ते दोघे शिरले, तिखन पुढे, ओस्ट्रम उजवीकडे थोडा मागे. दहा पौंडांनी तिखनचे हात भरून आले होते. एका ओल्या खळग्यापाशी फांद्यांचा ढिगारा उठला आणि त्याचं अस्वल झालं, बारा पावलांवर. तिखनला कोट जाणवला, लाकडाला लागलेला गाल जाणवला. बंदुकीने त्याला मागे ढकललं. ओस्ट्रमने आपली बंदूक वर उचलली तोवर जनावर जागीच बसलं होतं आणि मग कलंडलं.

दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले, दुसरं काडतूस चढवून. काही हललं नाही.

"दिसलं तुला?" ओस्ट्रमने हळूच विचारलं.

"डावा कान फाटलेला आहे," तिखन म्हणाला. "जुना. वरून खालपर्यंत."

अस्वल त्याच कानावर पडलेलं होतं. ओस्ट्रमने लांब काठीने त्याच्या डोळ्याला स्पर्श करून बघितलं, मग बंदूक झाडाला टेकवली. दोन्ही हातांनी ते अवजड डोकं उचलून त्याने दुसऱ्या बाजूला वळवलं. केसांत चिखल भरला होता. तो त्याने अंगठ्याने बाजूला केला. डावा कान वरून खालपर्यंत फाटलेला होता. मग डॉक्टरला खाली यायला हाक मारली आणि सुरी काढायला खिशात हात घातला.