चौथ्या मोटरचा वारा

सोमवारी सकाळी कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दार वाजलं. आमच्याकडे बेल आहे, चालूही आहे. तरी दार वाजलं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीताई. गेले दोन महिने त्या बेल दाबत नाहीत, दारावर मनगट आपटतात. मला वाटायचं, लहर असेल.

हातात तळहाताएवढं ड्रोन होतं, चार कोपऱ्यांना चार छोटे पंखे.

"वहिनी, वेळ आहे का? नसेल तर काढा."

ड्रोन पहिल्या मजल्यावरच्या विक्रमचं. वय एकतीस, आयटीत आहे, रविवारी गच्चीवर हे खेळणं उडवतो आणि बिबवेवाडीतल्या समस्त कबुतरांना कामाला लावतो. आदल्या दिवशी ते पाण्याच्या टाकीवर आपटलं. तो म्हणाला, "सोडा काकू, नवीन ऑर्डर करतो." ताई म्हणाल्या, "कर की. पण हे टाकायच्या आधी मला दे."

ताईंनी सव्वीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात छताच्या पंख्यांच्या मोटरींचं वाइंडिंग केलं. तांब्याची केसासारखी तार बोटांतून सोडत गुंडाळत राहायची. तार तुटणार, हे त्यांच्या बोटांना आधी कळायचं. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतले सगळे मिक्सर त्यांच्याकडे जाऊ लागले. पैसे घेत नाहीत, बोलून घेतात. "मिक्सर आहे हा, खलबत्ता नव्हे," हे मी दोनदा ऐकलंय.

या वर्षी त्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता दर तीन आठवड्यांनी केमो. चौथी येत्या गुरुवारी होती. मुलगा नागपूरला, त्यामुळे रिक्षाने एकट्याच जातात. डॉक्टर दर वेळी विचारतात, बोटं बधिर होतात का? झाली तर लगेच सांगा, औषध बदलावं लागेल, नाहीतर बधिरपणा कायमचा राहू शकतो. "मी 'नाही' म्हणून सांगते," असं ताईंनी मला सांगितलं होतं. मी ते खरं धरलं होतं.

गॅस बंद करून, टेबलावरची मेथी बाजूला सारून मी बसले.

"चौथ्या मोटरला जोर नाही," त्या म्हणाल्या. "सोडलं की त्याच बाजूला उलथतं. आसात केस अडकलाय का पाहिलं, नाही. पातं बदललं. तिच्या वायरी मुळातून तुटल्या होत्या, जुन्या चार्जरच्या दोन घालून सोल्डरचा डाग दिला. फिरते, पण वारा नाही."

"मग मी काय करू? मी आपली बी.एस्सी., तीही बॉटनी."

"बोट धरा."

त्यांनी डाव्या हाताने ड्रोन टेबलाच्या कडेबाहेर धरलं आणि उजव्या अंगठ्याच्या पेराने रिमोटची दांडी हळूच वर ढकलली. चारही पंखे गुणगुणायला लागले. मी पहिल्याखाली बोट धरलं. वारा. दुसरा, तिसरा, वारा. चौथ्याखाली काही नाही. सहज बोट वर नेलं.

"ताई, हा वर फेकतोय. उलटा फिरतोय."

त्यांनी दांडी खाली घेतली. चौघे थांबले.

"उलटा," त्या म्हणाल्या. ड्रोन डोळ्यांजवळ नेऊन थोडा वेळ पाहत राहिल्या. "दोन्ही वायरी एकाच रंगाच्या होत्या. मग शेजारची मोटर जशी फिरते तशी ही जोडली. पण यात शेजारशेजारच्या उलट्या फिरतात, समोरासमोरच्या सारख्या. आमच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सगळ्या एकाच बाजूने फिरल्या हो."

"मग झालं तर. दोन वायरींची अदलाबदल."

"हो, एवढंच."

पण त्या उठल्या नाहीत. मग विचारलं, "बाकी तिघांचा वारा लागला तुम्हाला?"

"लागला की. चांगला जोराचा."

"मला एकाचाही लागला नाही." आवाज भाजीचा भाव सांगावा तसा. "काल रात्रभर नाही लागला. मला वाटलं, उलथतंय त्या बाजूची, आपण जिला डाग दिला तीच बिघडली असणार. म्हणून चौथी म्हटलं. अंदाजाने."

मी त्यांचा हात उलटा केला. अंगठ्यावर आणि तर्जनीवर दोन फोड होते, गरगरीत.

"हे कधी?"

"कालच. सोल्डरची कांडी लागली असेल. वास आला तेव्हा पाहिलं."

मी बर्नॉल आणून लावलं. ताई फोडांकडे बघत होत्या, जशा दुसऱ्या कुणाच्या मिक्सरकडे बघतात. मग माझ्या दाराकडे त्यांची नजर गेली. बेलचं बटण तिथून दिसत नाही, पण दारावर मनगट का, ते मला कळलं.

सोल्डरची कांडी त्यांनी पिशवीतून आणलीच होती. त्या सांगत गेल्या, मी डाग दिला. ओबडधोबड झाला. "मेथीची जुडी बांधलीत," त्या म्हणाल्या. ड्रोन मात्र हातभर सरळ वर उठलं, छताच्या पंख्याखाली क्षणभर थांबलं आणि टेबलावर उतरलं. ताईंनी मान हलवली. आनंद नाही, काही नाही.

ड्रोन पिशवीत ठेवून त्या दाराशी गेल्या आणि थांबल्या.

"कारखान्यात बाईची बोटं गेली की तिला पॅकिंगला बसवायचे," त्या म्हणाल्या. "मी कधीच काही दुखतं म्हटलं नाही. तीच सवय. डॉक्टरांपुढेही तोंडातून 'नाही'च येतं."

मी कडी काढून दार उघडलं.

"वहिनी, गुरुवारी माझ्याबरोबर चला. ते विचारतील, मी नाही म्हणेन. तुम्ही सांगा."